चिमीची दाढ आणि अण्णांचा नियम

आमच्या घरात माणसांपेक्षा गणपती जास्त होते. पेणमध्ये आमच्या आळीत याचं कुणाला नवल नव्हतं, कारण बहुतेक घरांत तीच तऱ्हा. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, माळ्यावर गणपती. जेवायची पानं मांडायची तर आधी चार-सहा मूर्ती भिंतीकडे सरकवाव्या लागत. आई त्यांना म्हणायची, "सरका देवा, आता जरा आम्हाला जेवू द्या." सकाळी जाग यायची ती शाडू चाळण्याच्या आवाजाने. मग माती मळण्याचा थप थप आवाज, सुकलेल्या मूर्ती घासण्याची खरखर, आणि मधूनच साचा उघडला की अण्णांचं समाधानाचं "हं". अण्णा म्हणजे आमचे वडील. रंगात घालायला सरस उकळत असे, त्याचा वास इतका सवयीचा की शाळेतून घरी आल्यावर तो नसला तर चुकल्यासारखं वाटे. उन्हाळ्यात अंगणाचे दोन भाग पडत, अर्ध्यात मूर्ती सुकायच्या आणि अर्ध्यात आईचे पोह्याचे पापड. आम्ही दोघी बहिणी पापडांच्या लाट्या तेलात बुडवून पळवत असू. माझी धाकटी बहीण चिमी त्या लाट्या काकवीबरोबरसुद्धा खायची. ती सगळंच काकवीबरोबर खायची. तिच्या दाढेची गोष्ट बहुधा तिथूनच सुरू होते.

इरा आणि नील, माझ्या नातवंडांनो, मी हे तुमच्यासाठी लिहिते आहे, तेव्हा क्रमाने लिहीन. तुमच्या आईच्या मते मी वाणसामानाची यादीसुद्धा मुद्देसूद करते. पण या प्रकरणात क्रम लावूनही माझा गोंधळ काही मिटलेला नाही. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, चिमी सहाची. आता एवढं आयुष्य गेलं, इंग्रजी शिकले, इतरांच्या मुलांना ते शिकवलं, तरी त्या आठ दिवसांत नेमकं काय झालं हे मला नीट सांगता येत नाही.

आधी अण्णांचा नियम सांगते. मूर्तीचं शेवटचं काम डोळ्यांचं. त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. ती अण्णा एकटे करत. आखणी चालू असताना घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, आणि आई फोडणीसुद्धा द्यायची थांबे. आखणीआधी मूर्ती मोडली तर काही बिघडत नसे. ती परत भिजवायची, परत मळायची, मातीच ती. पण एकदा डोळे आखले की मूर्ती बघू लागते, असं अण्णांचे वडील म्हणत. त्यानंतर तिचा कान, बोट, काहीही मोडलं तर सांधायचं नाही. पांढऱ्या फडक्यात गुंडाळायचं आणि भोगावतीत नेऊन सोडायचं. आळीतल्या इतर कारखान्यांत लोक बिनदिक्कत सांधत, वरून रंग लावत, कुणाला पत्ताही लागत नसे. आमच्याकडे नाही. गुंडाळलेली मूर्ती नदीवर न्यायचं काम पारूमावशीकडे असे. ती खाडीकडच्या गावातून माती मळायला यायची. तिच्या घरचे मिठागरावर कामाला जात, आणि तिला शाडू म्हणजे मिठापेक्षा फार गरीब वस्तू वाटायची. "ही चावत नाय," ती म्हणायची. "मीठ पाय खाते गो."

त्या वर्षी श्रावणात, ऐन आखणीच्या दिवसांत, चिमीचा डावा गाल सुजला. आधी लवंग झाली, मग मिठाच्या गुळण्या, मग आंबेहळदीचा लेप. सूज उतरायची आणि पुन्हा चढायची. दाढ दुधाचीच होती, पण आतून पार किडली होती. पेणमध्ये तेव्हा दातांचा डॉक्टर नव्हता, निदान आम्हाला तरी माहीत नव्हता. रोह्याला आमची आत्या राहायची. तिच्या घरासमोरच्या खोलीत दर रविवारी मुंबईहून एक तरुण डॉक्टर येऊन बसत. आत्याने निरोप पाठवला की पोरीला घेऊन या, आणि तिला सांगू मात्र नका, नाहीतर ती येणार नाही. सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं. "आत्याकडे जायचंय, तिने नारळाच्या वड्या केल्यात," असं चिमीला सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण तिचा सर्वांत जास्त विश्वास माझ्यावर होता.

तेव्हा रोह्याला जायचं म्हणजे एसटी. आता रेल्वे झाली आहे, पेण सोडलं की कासू, नागोठणे करत गाडी रोह्याला पोचते. तेव्हा मात्र नागोठण्याला एसटी थांबली की ड्रायव्हर चहाला जायचा आणि आपण बसून राहायचं. चिमी खिडकीशी बसली होती, गालाला मफलर गुंडाळलेला. ती खुशीत होती. वड्या कोणत्या बाजूने खाव्यात याचा तिने विचार करून ठेवला होता. "उजव्या बाजूने खाईन. डावीकडची झोपलीय," ती म्हणाली. मी हो म्हणाले. आणि तिचा मफलर नीट केला.

डॉक्टरांची खोली लहान होती. एक उंच खुर्ची, पायाने चालवायचं एक यंत्र, आणि काचेच्या कपाटात प्लास्टरचे पांढरे जबडे. चिमीने खुर्ची पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. अण्णांनी मात्र कपाट पाहिलं. ते सरळ तिथे गेले.

"हे साचे तुम्ही काढलेत?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "लोकांच्या कवळ्यांसाठी."

"हवा राहिलीय. हे बघा, इथे बुडबुडे. ओतताना टेबल ठोकत नाही वाटतं?"

"ठोकतो की."

"वरून ठोकत असाल. खालून ठोकायचं. थांबा, दाखवतो."

"अरे दादा," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "तू पोरीचा दात दाखवायला आलास की डॉक्टरांची परीक्षा घ्यायला?"

डॉक्टर हसले. माणूस चांगला होता, हे मला तेव्हाही कळलं. पण चिमीने तोंड उघडलं नाही. आईने तिला मांडीवर घेतलं, आत्याने हात धरले, मी म्हणाले, "चिमे, ते नुसतं बघणार आहेत, काहीसुद्धा करणार नाहीत." मग तिने अगदी थोडं तोंड उघडलं, डॉक्टरांनी बोट आत घातलं, आणि ती कडकडून चावली. रक्त आलं. डॉक्टरांच्या बोटाला.

बोटाला पट्टी बांधताना ते अण्णांना म्हणाले, "आत पू झालाय. दाढ काढावी लागेल. आठ दिवस हिला पेनिसिलीनची इंजेक्शनं द्या. पण सूज डोळ्याकडे चढू लागली तर इथे थांबू नका, थेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. तिथे हातपाय धरून, गुंगी देऊन काढतील. मला तसं करायचं नाही. पुढच्या रविवारी हिने आपणहून तोंड उघडलं तर पाच मिनिटांचं काम आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ताई, तिला खोटं सांगू नका. ती कशाला घाबरते ते विचारा." मला कुणी अहोजाहो करून बोलण्याची ती पहिलीच वेळ. तरी मला रडू आलं नाही. मी रडले नव्हते, हे मला पक्कं आठवतं.

विचारलं मी. सगळ्यांनीच विचारलं. चिमी काही सांगेना. मग ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. आई म्हणाली, मुळीच दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुखतं पण लगेच थांबतं. आजोबांच्या वेळच्या एका कारागिराने सांगितलं की त्याची दाढ दोऱ्याने दाराला बांधून काढली होती, आणि ते ऐकून आईने त्याला चहा न देताच वाटेला लावलं. मी माझ्या वहीत एक तक्ता केला: कोणी काय सांगितलं, आणि चिमीने काय केलं. दुसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता: गप्प. मला सगळ्यांत कोडं पडलं ते इंजेक्शनांचं. रोज सकाळी पेणच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन ती दंड पुढे करायची आणि सुई टोचताना हूं की चूं करायची नाही. म्हणजे दुखण्याला ती भीत नव्हती. मग कशाला?

या दिवसांत ती रंगवलेल्या मूर्तींकडे फिरकत नव्हती. मागच्या पडवीत, जिथे कच्च्या मूर्ती ठेवलेल्या असत, तिथे जाऊन बसायची, मऊभात तिथेच खायची. एकदा तिची वेणी घालताना तिने मला विचारलं, "ताई, माझे डोळे आखून झालेत का गं?" मी रिबिनीत गुंतले होते. म्हणाले, "केव्हाच. जन्मलीस तेव्हाच." वेणी होताच ती पुन्हा पडवीत गेली.

इरा, तू गेल्या महिन्यात फोनच्या पडद्यावर तुझा हलणारा दात दाखवलास, आणि मला तुझ्या दातांच्या दवाखान्यातली माशांची टाकी आणि वर-खाली होणारी खुर्ची कौतुकाने सांगितलीस. मग विचारलंस, "आजी, दुखेल का?" मी म्हणाले, "आईला विचार." तुला वाटलं असेल, आजीला ऐकू आलं नाही. आलं होतं. असा साधा प्रश्न कुणी लहान मुलाने विचारला की मला आधी त्या वेणीची आठवण होते. मग मला कुठलंच उत्तर धड वाटत नाही.

बुधवारी पारूमावशी चिखलाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "वयनी," ती आईला म्हणाली, "ही पोर काय इचारते बघा. म्हणते, मावशी, मला नदीवर नेशील तवा पाय आधी सोडशील का डोकं? मी हसले गो आधी. मग तिचं तोंड बघितलं."

आईला काहीच कळलं नाही. मला कळलं. चिमीचा अजून एकही दात पडला नव्हता. दुधाचे दात पडतात, नवे येतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागतं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या हिशेबाने ती डोळे आखलेली होती, मीच तसं सांगितलं होतं. डोळे आखलेल्याचं काही मोडलं की त्याला फडक्यात गुंडाळतात. डॉक्टर तिचा दात मोडणार होते. यात तिचं काय चुकलं होतं? आमच्या घरात जन्मलेल्या मुलाने दुसरा कुठला हिशेब करावा?

आईने तिला जवळ घेऊन सांगितलं, वेडाबाई, तू माणूस आहेस, मूर्ती नाहीस. नवा दात येईल. मी माझे दात दाखवले, हा पडला होता, हा आला. चिमीने माझे दात नीट पाहिले. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात वड्या आहेत." आमच्या शब्दावर तिने विश्वास का ठेवावा?

मग मी ते केलं, जे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा फार उशिरा सांगितलं. मला वाटलं, हिला सांगून उपयोग नाही, दाखवायला हवं. अण्णा माणूस मऊ आहेत. कुणासाठी ठरलेली एखादी छान मूर्ती मोडली, तर ते सांधतील, आणि चिमी ते बघेल. गुरुवारी दुपारी सगळे पडले असताना मी डोळे आखलेली एक हातभर उंचीची मूर्ती निवडली. गणपतीचा एक दात मोडकाच असतो. मी दुसरा, अखंड दात कोरणीने कापला. मूर्ती माझ्याकडे बघत होती, हे मी आज म्हातारपणी, शिकलेली बाई म्हणून सांगते आहे.

संध्याकाळी अण्णांनी ते पाहिलं. आत जाऊन पांढरं फडकं आणलं आणि मूर्ती गुंडाळली. चिमी दारातच उभी होती. तिने मूर्तीच्या पायांपासून डोक्यापर्यंत फडकं फिरताना सगळं पाहिलं. पारूमावशीने गाठोडं उचललं आणि ती मागच्या दाराने निघाली. चिमी पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आईने पुढे केलेली पेजसुद्धा तिने घेतली नाही. तेव्हाच सूज गालाच्या हाडावर चढलेली दिसली. आई म्हणाली, "उद्या मुंबईला निघायचं." आणि हे सगळं माझ्यामुळे झालं होतं.

मी अण्णांकडे गेले. ते ओटीवर तुटलेला दात तळहातावर घेऊन बसले होते. म्हणाले, "पडून मोडला असता तर कड ओबडधोबड असती. ही कड सरळ आहे. कोणी कापलाय."

"मी," मी म्हणाले. आणि का ते सगळं सांगितलं, वेणीपासून.

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तो दात मुठीत मिटला. मग उठले, चपला न घालता मागच्या दाराने बाहेर पडले. पारूमावशी अजून विहिरीपाशी बायकांशी बोलत उभी होती, गाठोडं कडेवर मुलासारखं. अण्णा ते तिच्याकडून घेऊन परत आले. त्यांनी चिमीला हाक मारली नाही. पडवीत तिच्यासमोर पाट मांडला, मूर्ती ठेवली आणि फडकं सोडलं. ओला शाडू घेतला, तुटलेल्या दाताला लावून तो जागेवर बसवला, फुंकर घातली, पाण्याच्या बोटाने सांधा पुसला. चिमी भिंतीकडून हळूहळू वळली.

"अण्णा, पण डोळे आखलेत ना?"

"आखलेत."

"मग चालतं?"

अण्णांनी सांध्यावरचं बोट उचललं. ते म्हणाले, "मला माहीत नाही गं. माझे वडील म्हणत, चालत नाही. बघू या."

"देव रागावेल?"

"मला रागावेल. तुला नाही."

चिमीने बोट पुढे करून ओला सांधा दाबून पाहिला. तिचं बोट तिथे उमटलं. अण्णांनी ते पुसलं नाही.

मुंबईला जाणं एक दिवस लांबलं, मग आणखी एक दिवस. सूज वाढली नाही, उतरलीही नाही. रविवारी आम्ही पुन्हा रोह्याला गेलो, आणि या वेळी तिला सगळं सांगितलं: खुर्ची, सुई, चिमटा, रक्त, सगळं. आत्याने खरोखर वड्या केल्या होत्या, पण चिमीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीत ती आपणहून चढली. डॉक्टरांनी तिच्या हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाले, "आधी तू मला माझे दात मोजून दाखव." तिने मोजले. मग विचारलं, "तुमचं बोट बरं झालं?" त्यांनी बोट दाखवलं. मग तिने विचारलं, "दुखेल?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे उत्तर माझं आहे. मी म्हणाले, "दुखेल. थोडा वेळ." आत्या पुटपुटली, "काय मेली बोलते ही!" पण चिमीने तोंड उघडलं. पूर्ण उघडलं, इतकं की पडजीभ दिसली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

ती सांधलेली मूर्ती कुणाकडे गेली, की गेलीच नाही, हे मला कधी समजलं नाही. ज्यांची होती त्यांना अण्णांनी नवी करून दिली. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी आखलेली मूर्ती सांधली नाही, आणि का ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं मी एकच धरून चालले होते की चिमीने तोंड उघडलं ते अण्णांमुळे. ओल्या शाडूमुळे. म्हणजे थोडं माझ्यामुळेही, माझ्या पापामुळे म्हणा. ही गोष्ट लिहायला घेतली तेव्हा, काही चुकायला नको म्हणून, मी तिला नागपूरला फोन केला.

"कुठली मूर्ती?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तिला फडकं आठवेना, पारूमावशी आठवेना. डॉक्टरांचं बोटसुद्धा नाही.

"मग तोंड का उघडलंस?"

"अगं, तू समोर उभी राहून केवढी रडत होतीस! पदर नव्हता म्हणून परकर तोंडात कोंबून. मला वाटलं, माझं पटकन आटपलं नाही तर ही इथेच मरेल."

"मी रडत नव्हते, चिमे."

"ताई," ती म्हणाली, "मी आ करून बसले होते. मला तुझ्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं."